नाकातलं विरजण

मागपेठेतल्या लोकांच्या नाकात विरजण लावलं गेलं, त्या दिवशी रस्त्याखालची नळी अजून रिकामीच होती.

शाळेच्या पटांगणात सकाळपासून रांग लागली होती. आरोग्यसेविका एकेकाला मान मागे टाकायला सांगत, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा मारत आणि थोडा वेळ नाक शिंकरू नका म्हणून बजावत. रांगेत सगळ्यांत पुढे पद्मावती चिलवेरी उभी होती. अख्खी पेठ तिला पद्माक्का म्हणायची. शाळांचे गणवेश शिवून देणारं तिचं लहानसं वर्कशॉप होतं, आणि गेल्या उन्हाळ्यापासून ती नळीविरोधी कृती समितीची अध्यक्ष होती. जिनं चौकात बसून नळीचं काम अडवलं, तिनंच पहिला फवारा घ्यावा हे समितीतल्या काहींना रुचलं नव्हतं. पण हा फवारा तिच्याच मागणीतून आला होता, आणि मागितलेलं समोर आल्यावर मागे सरायचा तिचा स्वभाव नव्हता.

सोलापुरात घरोघरी सिलिंडर येणं बंद होऊन तोवर बरीच वर्षं लोटली होती. स्वयंपाक विजेवर होई आणि कारखाने हायड्रोजनवर चालत. पाण्यात वीज सोडली की पाणी फुटतं आणि त्यातून हायड्रोजन मोकळा होतो. तो जाळला की धूर नाही, राख नाही, मागे उरतं ते पुन्हा पाणीच. शहराच्या एका अंगाला, उन्हात तापत पडलेल्या सौर पॅनेलच्या माळरानावर हा वायू तयार होत होता आणि दुसऱ्या अंगाच्या औद्योगिक वसाहतीला तो हवा होता. मधला सरळ रस्ता मागपेठेच्या पोटातून जात होता. वळसा घालता आला असता. पण वळशाच्या वाटेवर नव्या सोसायट्या होत्या. तिथल्या लोकांनी आधीच नको म्हटलं होतं आणि त्यांचं ऐकलं गेलं होतं.

मागपेठेत घराला घर चिकटलेलं. खाली यंत्रमाग, वर माळ्यावर संसार, आणि दोन्हींच्या मध्ये एक लाकडी जिना. प्रचंड दाबाची ती नळी उंबऱ्यापासून हातभर अंतरावरून जाणार होती. लोक घाबरले यात नवल नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गावात अशाच नळीला बारीक चीर गेली होती. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योतही दिसत नाही. तिथली एक बाई वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि न दिसणाऱ्या जाळात चालत शिरली. ही हकिगत मागपेठेत प्रत्येक घरानं ऐकली होती.

पूर्वीच्या सिलिंडरच्या गॅसलाही स्वतःचा वास नव्हता. त्यात गंधकाचं एक उग्र रसायन मुद्दाम मिसळत. हायड्रोजनच्या बाबतीत ते जमत नव्हतं. एकतर गंधकानं कारखान्यातली यंत्रणा नासते, आणि दुसरं म्हणजे हायड्रोजन हा सगळ्यांत हलका वायू. जिथून वासाचे जड रेणू बाहेर पडू शकत नाहीत, अशा फटीतूनही तो निसटतो. जाहीर सुनावणीत कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हे समजावून सांगितलं तेव्हा पद्माक्का उठली आणि म्हणाली, "ज्याचा वास येत नाही त्याची राखण आम्ही कशी करायची? आधी वास येऊ द्या, मग बोला." सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. अधिकारी कागद गोळा करून निघून गेले. पेठेला वाटलं, जिंकलो.

दिवाळीनंतर डॉ. सानिका भोगटे पद्माक्काच्या वर्कशॉपमध्ये आली.

सानिका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. कंपनीनं तिच्या प्रयोगशाळेला काम दिलं होतं, पण आपण कंपनीच्या नोकरीत नाही, हे ती कुठेही गेली तरी आधी सांगून टाकत असे. मशीनं चालू होती, आणि पद्माक्कानं ती थांबवायला सांगितली नाहीत. सानिकाला आवाज चढवूनच बोलावं लागलं.

"अक्का, वायूला वास देता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून आम्ही नाकालाच शिकवलंय."

मग तिनं सविस्तर सांगितलं. प्रत्येकाच्या नाकात कोट्यवधी जिवाणू राहतात. जन्मापासूनचे भाडेकरूच ते, त्यांचा उपद्रव काही नसतो. त्यांतल्या एका जातीला तिच्या प्रयोगशाळेनं नवं काम शिकवलं होतं. मातीतल्या काही जिवाणूंपाशी हायड्रोजन पकडणारं विकर असतं. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरातला कारागीर रेणू, ज्याला एकच काम येतं पण ते तो न थकता करतो. ते विकर बनवण्याची कृती त्यांनी नाकातल्या जिवाणूला दिली, आणि पुढे जोडून दिलं की हायड्रोजन हाती लागताच एक वासाचा रेणू सोडायचा. म्हणजे वास बाहेरच्या हवेत नव्हेच. तो नाकाच्या आत, वास ओळखणाऱ्या पेशींच्या शेजारीच तयार होणार. या जिवाणूला त्यांनी 'घ्राणप्रहरी' असं नाव दिलं होतं.

"म्हणजे नाकात विरजण लावायचं," पद्माक्का म्हणाली.

सानिका हसली. अगदी तसंच, ती म्हणाली. चमचाभर लावलं की सगळीकडे लागतं आणि टिकून राहतं. एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जाईल का, असं पद्माक्कानं विचारलं तेव्हा सानिकानं लपवलं नाही. एका घरात राहणाऱ्यांमध्ये तर जाईलच, ती म्हणाली. तान्ह्या बाळांना वेगळा फवारा मारायचीसुद्धा गरज पडणार नाही.

वास कसला येणार, हे दाखवायला तिनं एक कुपी उघडली. करपलेल्या रबरावर कुणीतरी गुळाचा पाक ओतला असावा, असा काहीतरी वास होता तो. ओळखीच्या कशाशीच जुळत नव्हता. मशीनं एकेक करून थांबली. शिवणाऱ्या बायका उभ्या राहिल्या होत्या आणि दाराकडे बघत होत्या. आपणही उभ्या राहिलो आहोत, हे पद्माक्काच्या जरा उशिरानं ध्यानात आलं. सानिकानं कुपी बंद केली. वास निवडताना आमची परीक्षा हीच होती, ती म्हणाली. बसलेला माणूस विचार न करता उठला पाहिजे.

त्या दिवशी खरी घासाघीस झाली ती एकाच गोष्टीवर. हवेत शंभरात चार भाग हायड्रोजन झाला तर तो पेटू शकतो. सानिकाचा प्रहरी शंभरात अर्धा भाग झाला की जागा होणार होता. पद्माक्काला हे पुरेसं वाटेना. हायड्रोजन वर जातो, छताखाली साचतो, आणि तिच्या पेठेत छताखालीच लेकरंबाळं झोपतात. खाली मागावर बसलेल्या माणसाला वास येईपर्यंत वर काय झालं असेल? सानिका म्हणाली की प्रहरीची धार वाढवता येईल, अगदी लाखात एक भागापर्यंत. पण इतकं तीक्ष्ण नाक आणखी कशाकशाचा वास घेईल, ते प्रयोगशाळेत अजून तपासलेलं नाही. तिला आणखी वर्षभर हवं होतं.

"तुम्हाला वर्ष पाहिजे तर नळीही वर्षभर थांबवा," पद्माक्का म्हणाली.

नळी थांबवणं सानिकाच्या हातात नव्हतं. तिनं मागणी वर कळवली. कंपनीला घाई होती. तीक्ष्ण नाकाची अट कंपनीनं ताबडतोब मान्य केली. ठरलं ते असं, की नळी पुरू द्यायची पण रिकामी ठेवायची, आधी विरजण लावून काही आठवडे जाऊ द्यायचे, प्रहरी कुणाला बाधत नाही याची खात्री करायची, आणि मगच वायू सोडायचा. समितीतले ज्येष्ठ, नरसप्पा कोडम, तेवढे नाराज होते. सत्तरी ओलांडलेले कोडममामा जन्मभर मागकामगारांच्या युनियनमध्ये भाषणं करत आले होते. त्यांचं म्हणणं, आपला विरोध नळीला होता, तो आता वासावर येऊन थांबला. त्यांनी वास दिला की आपल्यापाशी बोलायला काय उरतं? पण बहुमत पद्माक्काच्या बाजूनं गेलं, आणि मामाही मुकाट्यानं रांगेत उभे राहिले.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. लोक उगाच नाक वर करून हवा हुंगत आणि एकमेकांना हसत.

मग समाजमंदिरात समितीची सभा भरली. हॉल गच्च होता. कोडममामा बोलायला उभे राहिले. पुढच्या दोन ओळी आधी चुळबुळल्या. मग एक बाई उठली, तिच्या शेजारची उठली, आणि 'वास, वास' असं कुणीतरी म्हणताच सगळा हॉल दाराशी लोटला. रस्त्यावर आल्यावर लोक धापा टाकत उभे राहिले. कुणी म्हणालं, कंपनीनं फसवलं, नळी चोरून भरली. मामा तेवढे व्यासपीठावर एकटे उभे होते. त्यांना कसलाच वास आला नव्हता.

सानिका दुपारपर्यंत मोजणीचं यंत्र घेऊन आली. तिनं नळीची तोंडं उघडून दाखवली. आत हवेशिवाय काही नव्हतं. हॉलमध्ये यंत्राचा काटा हलेना. मग मामा काहीतरी विचारायला तिच्याजवळ आले, आणि काटा हलला. सानिकानं यंत्राकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि त्यांना हळूच बाजूला घेतलं. पद्माक्काही मागोमाग गेली.

माणसाच्या आतड्यातही जिवाणू असतात, सानिकानं सांगितलं. आपल्याला न पचलेलं अन्न ते आंबवतात, आणि आंबवताना हायड्रोजन सोडतात. तो रक्तात उतरतो, फुप्फुसात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. प्रत्येकाच्या श्वासात तो थोडाफार असतोच. कडधान्य खाल्लं, दूध पचत नसताना प्यायलं, की जास्त असतो. आतड्याचं काही दुखणं असेल तर फारच जास्त. त्यानं धोका काहीच नाही, पेट घेण्याइतका तो कधीच नसतो. पण लाखात एक भाग ओळखणाऱ्या नाकाला तो कळतो.

"म्हणजे गळती माझ्यातच आहे," मामा म्हणाले.

"मामा, दुखणं असेल तर औषध आहे."

"आणि मला का येत नाही हो वास?"

सततचा वास नाक सोडून देतं, सानिका म्हणाली; स्वतःच्या श्वासाचा वास म्हणूनच कुणाला येत नाही. मामांनी मान हलवली. सभेला सांगा घाबरू नका म्हणून, एवढं बोलून ते घरी गेले.

पद्माक्कानं पेठेला सगळं नीट समजावून सांगितलं. लोकांना समजलंही. पण समजून उपयोग नव्हता, कारण तो वास विचार करायला वेळ देण्यासाठी बनवलेलाच नव्हता. मामा शेजारी येऊन बसले की माणसं आदरानं नमस्कार करत आणि त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळत. मामांचं औषध सुरू झालं, थोडा फरक पडला, पुन्हा पहिल्यासारखं झालं. चौकात अजून चालू असलेल्या धरण्याच्या मांडवात त्यांनी येणं कमी केलं आणि पुढे बंदच केलं.

प्रश्न एकट्या मामांचा असता तर निभलं असतं. पण कोण कधी वासाचा निघेल याचा नेम राहिला नाही. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, घुगऱ्या हे सगळं पेठेतल्या घरांतून हळूहळू नाहीसं झालं. चहातलं दूध गेलं. लोक बोलताना मान बाजूला वळवू लागले, तोंडावर पदर किंवा रुमाल धरू लागले. एका मुलीला बघायला आलेली पेठेतलीच मंडळी घाईनं उठून गेली, आणि त्यामागचं कारण पेठेत सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी उच्चारलं नाही. मागांवर जोडीनं काम करणारी माणसं पाळ्या बदलून मागू लागली. नवराबायकोंच्या भांडणांत एक नवाच विषय आला. आपला स्वतःचा वास आपल्याला येत नाही, हे कळल्यापासून प्रत्येकजण समोरच्याचे पाय बघत असे.

आणि मांडवातल्या सतरंज्या एकमेकींपासून लांब सरकत गेल्या. आंदोलन म्हणजे शेवटी माणसांनी एकमेकांना खेटून बसणं असतं. पोलिसांनी एकदाही हात न लावता तो मांडव विरळ झाला. ठरलेले आठवडे संपले तेव्हा कंपनीनं अहवाल दिला, की प्रहरीपासून कुणालाही शारीरिक अपाय झालेला नाही आणि तो अपेक्षेपेक्षा उत्तम काम करतो आहे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. विरोध करायला सभा घ्यावी लागली असती. पद्माक्कानं ती बोलावली. हॉलमध्ये जेमतेम पाचपन्नास माणसं आली आणि भिंतींना टेकून दूरदूर उभी राहिली. त्या आठवड्यात नळीत वायू सोडला गेला.

पद्माक्काची सून श्रावणी त्याच सुमारास बाळंत झाली. मुलगी झाली. घरात सगळे तिला चिन्नी म्हणू लागले. पद्माक्काचा मुलगा चाकणच्या कारखान्यात होता, पंधरवड्यानं यायचा; त्यामुळे बाळंतिणीचं सगळं पद्माक्काच बघत होती. दोनेक आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं, की श्रावणी पोरीला पाजते खरी, पण मान पार उलट्या बाजूला वळवून. पुढे तिनं नाकावर ओला फडका बांधायला सुरुवात केली. पद्माक्कानं विचारलं तेव्हा ती रडायला लागली.

"अत्तम्मा, तिला जवळ घेतलं की मला उठून पळावंसं वाटतं," ती म्हणाली. "माझीच लेक आहे ती. मी कसली आई?"

पद्माक्कानं पोरीला उचलून तिच्या तोंडाशी नाक नेलं. तोच वास होता. तिचे पाय जागचे हलले. तिनं ते रोवून धरले आणि पोरीला सोडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती सानिकाच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली. सानिकाला हे ऐकताच कळलं. दुधातली साखर पचवायला तान्ह्या बाळाचं आतडं अजून शिकत असतं, ती म्हणाली. पहिले काही महिने बाळांच्या श्वासात हायड्रोजन असतोच. हे तिला पुस्तकातून माहीत होतं, फक्त त्याचा या कामाशी संबंध तिच्या डोक्यात आला नव्हता.

"काढून टाका हे नाकातलं," पद्माक्का म्हणाली.

काढता येत होतं. एक मलम होतं. ते लावलं की घ्राणप्रहरी मरत. पण एकट्यादुकट्यानं लावून भागणार नव्हतं, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायला हवं होतं, नाहीतर ते पुन्हा लागले असते. आणि आता नळी भरलेली होती. मलम लावलं की त्या घराला नळी फुटल्याचं कळणार नव्हतं. सानिकानं दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि आपलं मत दिलं नाही. पद्माक्कानं विचारल्यावर मात्र ती म्हणाली, "थोडं सोसा. नाक सवय करून घेतं. घरच्या माणसांचा वास काही महिन्यांत जाणवेनासा होईल."

पद्माक्का मलम न घेता परत आली. माळ्यावर झोपणारी पोरगी आणि खाली रस्त्यातली नळी, या दोन्हींमध्ये तिच्याजवळ नाकाखेरीज काही नव्हतं. तिनं श्रावणीला समजावलं, रात्रंदिवस सोबत केली, पाजताना तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. आणि सानिका म्हणाली होती तसंच झालं. उन्हाळा सरेपर्यंत श्रावणीचा फडका सुटला. पेठेतही माणसं पुन्हा जवळ बसू लागली. घुगऱ्या शिजू लागल्या. कोडममामा एकदा चौकात येऊन उभे राहिले तर दोघंतिघं त्यांच्याशी बोलत थांबले. संकट ओसरलं असं वाटण्याजोगे ते महिने होते. तरी पद्माक्काला चैन नव्हतं. वास येत नाही तो सवयीनं, की नाकाची राखणच झोपी गेली म्हणून, हे तिला कळेना. ती दिवसातून कितीदा तरी रस्त्यावर जाऊन नळीच्या बाजूनं हवा हुंगून यायची.

राखण पार झोपली नव्हती. चिन्नी पाय टाकायला लागली त्या हिवाळ्यात, एका सकाळी, बायका कामावर जाताना तान्ही मुलंही जिथे ठेवत त्या अंगणवाडीशेजारच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातला एक सांधा सैल झाला. गळती लहान होती. आसपासच्या घरांतली माणसं उठली, बाहेर पडली, कुणीतरी कंपनीला फोन केला, आणि दूरच्या केंद्रातून तेवढा भाग बंद करण्यात आला. आग लागली नाही. कुणाला ओरखडाही उमटला नाही. वास पसरताच अंगणवाडीच्या बाईंनी हाताला लागतील तेवढी मुलं मागच्या पटांगणात नेली होती. मोजल्यावर सगळ्यांत लहान मुलंच कमी भरली.

पद्माक्का आणि श्रावणी धावत पोचल्या तेव्हा ती मुलं सापडली होती. जी चालत होती ती चालत आणि उरलेली रांगत, खड्ड्यापाशी गेली होती. खड्ड्यावर लोखंडी जाळी होती. जाळीच्या भोवती ती बसली होती, कुणी पालथी पडली होती, गाल जाळीला टेकवून. कुणी रडत नव्हतं. चिन्नीनं तोंड जाळीला लावलं होतं आणि तिचे डोळे अर्धवट मिटले होते. श्रावणीनं तिला खेचून उचललं तेव्हा ती खड्ड्याकडे हात करून आक्रोश करू लागली.

सानिका संध्याकाळी घरी आली. तिनं जमिनीवर दोन स्वच्छ फडकी पसरली. एकाखाली हायड्रोजनची बारीक धार सोडणारी नळी होती, दुसऱ्याखाली नुसती हवा. चिन्नीला मध्ये बसवलं. ती इकडेतिकडे बघत राहिली, मग नेमक्या हायड्रोजनच्या फडक्याकडे रांगत गेली आणि त्यावर डोकं ठेवून आडवी झाली. सानिकानं नळी दुसऱ्या फडक्याखाली सरकवली. चिन्नी उठून पुन्हा त्याच वासापाशी गेली.

"वासात भीती नसते, अक्का," सानिका म्हणाली. "आणि मायाही नसते. पहिल्या वर्षात नाक ज्या वासासोबत जे शिकतं, तो त्याचा अर्थ. आपण मोठे होतो म्हणून आपल्याला तो अनोळखी वाटला, आपण उठलो. ही मुलं जन्मली तेव्हा विरजण घरात होतंच. आईच्या श्वासाला हाच वास, बापाच्या, आजीच्याही. त्यांच्या लेखी माणसाचा वास म्हणजे हा."

"मग नळी फुटली की ही मुलं पळणार नाहीत."

"नाही. ती तिकडे जातील."

श्रावणी चिन्नीला घट्ट धरून भिंतीशी बसली होती. पेठेत या वर्षात जन्मलेली मुलं किती, हे कुणी विचारलं नाही. पद्माक्कानं मलम मागितलं. सानिका म्हणाली की आता मलम लावलं तर मोठ्यांनाही वास येणार नाही, नळी तर भरलेलीच आहे, याचा विचार करा. पद्माक्कानं तो केला होता. घरच्यांना उशिरा कळलेलं एक वेळ चालेल. पोरगी आपणहून जाळाच्या अंगावर गेलेली चालणार नाही. तिनं मुलाला चाकणहून बोलावून घेतलं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावलं. गल्लीतल्या आणखी काही घरांनीही लावलं. काहींनी लावलं नाही. ज्यांच्या घरी लहान मूल नव्हतं त्यांनी तर नाहीच. त्यांच्याकडे मुलांना पाठवायचं नाही, असं ठरलं.

काही दिवसांत मलमानं काम केलं. तो रविवार होता, ऊन दारातून आत आलं होतं. चिन्नी झोपेतून उठली आणि श्रावणीनं तिला कडेवर घेतलं. पोरीनं रोजच्यासारखं आईच्या तोंडाशी नाक नेलं आणि ती थांबली. मान मागे घेऊन तिनं आईचा चेहरा बघितला. पुन्हा नाक लावलं. मग ती अंग सोडून खाली उतरली आणि डुगडुगत पद्माक्काकडे आली. पद्माक्का वाकली. पोरीचं इवलंसं नाक तिच्या ओठांपाशी आलं, हललं आणि दूर झालं. नंतर ती बापाकडे गेली.

ती रडली नाही. तिला ताप नव्हता, दुखतखुपत नव्हतं. काही महिन्यांत विसरेल, असं सानिकानं सांगून ठेवलं होतं. घरात होते नव्हते त्या सगळ्यांपाशी चिन्नी एकदा जाऊन आली. मग ती उंबऱ्याशी गेली, चौकटीला धरून उभी राहिली आणि रस्त्याकडे बघू लागली, घरची माणसं कुठेतरी बाहेर गेली आहेत आणि आता येतीलच, अशी.